उशिरा दिसण्याची विद्या

११ ऑक्टोबर २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातल्या उलव्याच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ हे वाहतुकीचं विमान पहिल्यांदा उतरलं, आणि त्याच सोहळ्यात सुखोई-३० जातीचं लढाऊ विमान त्या धावपट्टीवरून कमी उंचीवर गर्जत गेलं. सुखोई हे डोळ्यांत भरणारं विमान आहे. जवळपास २२ मीटर लांबी, पाठीमागे सरळ उभी दोन शेपटं, पुढून पाहिलं तर हवा ओढणारी दोन मोठी तोंडं, आणि युद्धावर निघालं की पंखांखाली व पोटाखाली उघड्यावर टांगलेली क्षेपणास्त्रं. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात अशी दोनशेहून अधिक विमानं तयार झाली, त्यामुळे महाराष्ट्राला त्याचं विशेष अगत्य आहे. पण ज्या गोष्टींमुळे ते आपल्याला रुबाबदार वाटतं, नेमक्या त्याच गोष्टींमुळे शत्रूच्या रडारलाही ते फार लांबून कळतं. उभी शेपटं, उघडी शस्त्रं, आत फिरणारी इंजिनाची पाती, या प्रत्येकावरून रडारच्या लहरी आल्या वाटेनं परत जातात. नव्या पिढीच्या स्टेल्थ विमानांची सगळी बांधणी हे परत जाणं कमी करण्यासाठी केलेली असते. आपल्या वर्तमानपत्रांनी या विमानांना ‘अदृश्य’ हे नाव देऊन टाकलं आहे, आणि त्या एका शब्दानं फार घोटाळा केला आहे. ही विमानं दिसतात. फक्त ती उशिरा दिसतात. हा फरक शब्दांचा कीस काढण्यासाठी सांगत नाही. विमानाचा पत्रा कसा जोडायचा इथपासून वैमानिकाच्या डोक्यावर कोणतं हेल्मेट घालायचं इथपर्यंतचे सगळे निर्णय याच फरकातून निघतात.

रडार म्हणजे लहरी सोडायच्या आणि परत आलेला प्रतिसाद ऐकायचा. सपाट पत्रा लहरींच्या अगदी समोर आला तर तो आरशासारखा त्यांना माघारी धाडतो. तिरका ठेवला तर त्या भलतीकडेच निघून जातात. सर्वांत वाईट म्हणजे काटकोनातला कोपरा. दोन-तीन पत्रे काटकोनात जुळलेले असले की लहर बऱ्याच बाजूंनी आली तरी आत दोन-तीन टप्पे खाऊन ती जिथून आली तिथेच परतते. या गुणाचा उलटा उपयोग समुद्रावर रोजच होतो. लाकडी किंवा फायबरच्या लहान होड्या मोठ्या जहाजांच्या रडारवर नीट उमटत नाहीत, म्हणून त्यांच्या डोलकाठीवर काटकोनात बसवलेल्या पत्र्यांचा परावर्तक टांगायची पद्धत आहे. न्हावा-शेव्याकडे येणाऱ्या एखाद्या कंटेनर जहाजापुढे अंधारात मासेमारीची होडी आली, तर हातात धरता येईल एवढा तो परावर्तक तिला तिच्या आकाराहून कितीतरी मोठी करून दाखवतो. सुखोईचं उभं शेपूट आणि त्याला लागून असलेला आडवा पंख मिळून असाच कोपरा होतो. अमेरिकेच्या एफ-२२ आणि एफ-३५ या विमानांची शेपटं बाहेरच्या बाजूला कललेली असतात, ती याच कोपऱ्याचा काटकोन मोडण्यासाठी.

आता ‘उशिरा’ म्हणजे किती उशिरा, हे पाहायला हवं, कारण इथला हिशोब मनाला सहज पटणारा नाही. कंदील दुप्पट लांब नेला की त्याचा उजेड पाव होतो. रडारला हा तोटा दोनदा सोसावा लागतो, लहर जाताना एकदा आणि परतताना पुन्हा एकदा. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की प्रतिसाद सोळावा हिस्सा उरतो. हाच नियम उलटा वाचला तर असं दिसतं की, शत्रूच्या रडारचा पल्ला निम्मा करायचा असेल तर आपल्या विमानावरून परतणाऱ्या लहरी सोळाव्या हिश्शावर आणल्या पाहिजेत. आणि पल्ला दहावा हिस्सा करायचा तर त्या दहा हजारांत एक एवढ्याच उरल्या पाहिजेत. इतका आटापिटा करून पदरात दहावा हिस्सा पडणार असेल तर हा सौदा महागाचा नाही का, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर अंतरात शोधून सापडत नाही, ते घड्याळात सापडतं. ताशी ९०० किलोमीटर वेगानं येणारं विमान मिनिटाला १५ किलोमीटर कापतं. एखाद्या रडारला ते २०० किलोमीटरवर दिसत असेल तर पहारेकऱ्याला १३ मिनिटं मिळतात. तेवढ्यात पाहणं, ओळखणं, वरिष्ठांना विचारणं, हुकूम मिळवणं आणि क्षेपणास्त्र सोडणं ही सगळी साखळी पुरी होते. तेच विमान २० किलोमीटरवर दिसलं तर हातात ८० सेकंद उरतात. रडार चालू आहे, माणसं जागी आहेत, क्षेपणास्त्रं भरलेली आहेत, तरी साखळी तुटते. स्टेल्थ विमान विकत घेतं ती ही मधली बारा-एक मिनिटं. बांधणी म्हणजे ही मिनिटं मिळवण्याची विद्या आणि कॉकपिट म्हणजे ती खर्च करण्याची जागा. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या काढून पाहता येत नाहीत, हेच या लेखाचं म्हणणं आहे.

रायगडच्या किनाऱ्याला हा हिशोब नवा नाही. १६७९च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारी यांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले आणि त्यांनी ‘रिव्हेंज’ व ‘हंटर’ ही जहाजं बेटाभोवती आणून उभी केली. १८ ऑक्टोबरला मोठी चकमक झाली, मराठ्यांच्या मदतीला दौलतखानाचं आरमार होतं. पण बेट टिकलं ते त्या एका दिवसाच्या लढाईमुळे नव्हे. मराठ्यांच्या बुटक्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून जात-येत राहिल्या आणि बेटावर दाणागोटा, माणसं, सामान पोहोचत राहिलं. इंग्रजांच्या उंच शिडाच्या जहाजांना वारा लागे, खोल पाणी लागे. होडी नजरेस पडून जहाज वळेपर्यंत ती निसटलेली असे. १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी प्रकरण आवरतं घेतलं. या होड्यांना स्टेल्थ म्हणणं मात्र इतिहासाशी खेळ ठरेल. त्यांना कुणी लपण्यासाठी आकार दिला नव्हता, त्या या किनाऱ्याला सोयीच्या होत्या एवढंच. पण उशिरा दिसणं आणि मिळालेल्या वेळात काम उरकून निघून जाणं, हे दोन्ही तिथे एकत्र होतं, आणि होडी हाकणाऱ्या माणसाला खडक व भरती-ओहोटी तोंडपाठ नसती तर होडीच्या बुटकेपणाचा काही उपयोग झाला नसता. त्याच बेटाचं नाव घेऊन माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस खांदेरी ही पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या बाबतीत लपवायचा तो आवाज. माझगाव डॉकच्याच आयएनएस शिवालिक, आयएनएस निलगिरी यांसारख्या फ्रिगेटच्या भिंती आत कललेल्या आणि बाहेरून गुळगुळीत दिसतात, त्यामागे मात्र विमानाच्या शेपटाचंच कारण आहे. एवढं थोरलं जहाज कुणाला पूर्ण लपवता येत नाही. ते रडारवर आपल्या खऱ्या आकारापेक्षा लहान भासावं आणि उशिरा ओळखू यावं, एवढाच हेतू असतो.

विमानाला असा आकार द्यायचा कसा, याचं गणित आधी रशियात मांडलं गेलं. प्योत्र उफिमत्सेव्ह यांनी १९६२ मध्ये कडांवरून लहरी कशा विखुरतात यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या देशानं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. अमेरिकेत लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर या गणितज्ञाच्या हाती त्याचा अनुवाद आला आणि त्यानं ते सूत्र संगणकात घातलं. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचा हिशोब झेपत नव्हता, फक्त सपाट तुकड्यांचा झेपत होता. म्हणून १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं एफ-११७ हे विमान पैलू पाडलेल्या खड्यासारखं दिसतं. पुढे संगणक सुधारले तसे एफ-२२ आणि एफ-३५ यांचे आकार गोलाईचे झाले. त्यांच्या पंखांच्या, शेपटांच्या आणि दारांच्या कडा मात्र मोजक्या दिशांनाच समांतर ठेवलेल्या असतात, म्हणजे परतणाऱ्या लहरी चार-दोन अरुंद पट्ट्यांतच जातात आणि बाकी सगळीकडे शांत राहतं. चाकांच्या आणि शस्त्रांच्या दारांना करवतीसारखे दाते असतात, ते याच कारणानं. इंजिनाकडे जाणारा हवेचा मार्ग वाकडा केलेला असतो, म्हणजे समोरून पाती दिसू नयेत. शस्त्रं पोटात घेतलेली असतात. असं रडारसाठी घडवलेलं विमान हवेला मुळीच मानवत नाही. एफ-११७ तर संगणकाच्या मदतीशिवाय उडूच शकत नसे. वैमानिक दांडा हलवतो तो केवळ इच्छा सांगण्यासाठी, पृष्ठभाग कुठे किती हलवायचे ते संगणक दर सेकंदाला अनेकदा ठरवतो. ही विद्या भारतानं ‘तेजस’साठी स्वतः कमावली. तेजस स्टेल्थ नाही, पण ते मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे, आणि ४ जानेवारी २००१च्या पहिल्या उड्डाणाआधी त्याच्या नियंत्रणाचे नियम बसवायला भारतीय चमूला वर्षं खर्चावी लागली. त्या कामात असलेले गिरीश देवधरे पुढे तेजसचा आराखडा करणाऱ्या एडीए या संस्थेचे प्रमुख झाले.

आकार कागदावर जमला तरी खरी परीक्षा कारखान्यात होते. एफ-११७च्या आधीच्या ‘हॅव ब्लू’ या प्रायोगिक विमानाची एक हकिकत त्या प्रकल्पाचे प्रमुख बेन रिच यांनी नोंदवून ठेवली आहे. चाचणीत एक दिवस ते विमान रडारवर ऐंशीएक किलोमीटरवरूनच दिसू लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं की तीन स्क्रू नीट आवळले गेले नव्हते आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या वर तीन मिलिमीटरहूनही कमी उचललेली होती. अलिबागकरांना हे ऐकून कदाचित आपली चुंबकीय वेधशाळा आठवेल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला हलवलं गेलं. तिथली इमारत उभारताना पोरबंदरी दगड तपासून घेतला आणि लोखंड कटाक्षानं दूर ठेवलं, कारण भिंतीतला साधा खिळाही मापन बिघडवू शकत होता. जिथे वास्तूच्या प्रत्येक कणानं लहरींशी किंवा चुंबकत्वाशी सभ्यपणे वागायचं असतं, तिथे गवंड्याची आणि सुताराची शिस्त शास्त्रज्ञाइतकीच मोलाची ठरते. स्टेल्थ विमानात पत्र्यापत्र्यांमधल्या फटी ठरलेल्या मापाबाहेर गेल्या की त्या लहरींना सापडतात. म्हणून फटी विशिष्ट भरावानं बुजवतात आणि वरून लहरी शोषणारा लेप देतात. लेपात लोहाचे अतिसूक्ष्म कण असू शकतात, लहरीची ऊर्जा त्यात उष्णता होऊन जिरते. सांगाड्यात कार्बन धाग्यांचे संमिश्र पदार्थ असतात. ते वजनाला हलके असतात, आणि त्यांचे मोठाले भाग एकसंध घडवता येत असल्यानं सांधे कमी होतात. सांधा कमी म्हणजे फट कमी. तेजसच्या सांगाड्यात असे पदार्थ वजनानं सुमारे ४५ टक्के आहेत, त्यामुळे ही कारागिरी आपल्याला पूर्णपणे परकी नाही.

खरी पंचाईत पुढे आहे, आणि ती किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको. खारा वारा रायगडात पत्र्याची छपरं खातो, मोटारसायकलच्या नळकांड्या खातो. दोन निराळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातला दुबळा आधी झिजतो. जहाजाच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा लावतात तो याचसाठी, की झिजायचं ते त्यानं झिजावं. एफ-२२ मध्ये नेमका हाच घोळ झाला. फटींमध्ये भरलेला वीजवाहक भराव आणि त्याखालचं ॲल्युमिनियम यांचं ओलाव्यात जुळेना, आणि विमान सेवेत येऊन फार दिवस झाले नसतानाच पत्र्याखाली गंज सापडू लागला. बी-२ या बॉम्बफेकी विमानाला तर तापमान आणि आर्द्रता राखलेले खास हँगर लागतात. जून २०२५ मध्ये ब्रिटिश नौदलाचं एक एफ-३५ तिरुअनंतपुरमला आणीबाणीत उतरलं आणि बिघाडामुळे २२ जुलैपर्यंत तिथेच अडकलं. सुरुवातीचे कित्येक दिवस ते भर पावसात उघड्यावर उभं होतं. विमानवाहू जहाजावर राहण्यासाठी घडवलेलं असल्यानं ते त्यातून तरलं. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर वर्षातले चार महिने हवा अशीच असते. गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर नौदलाच्या तेजसनं २०१९ मध्ये तारेत अडकून थांबायचा सराव केला आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विक्रमादित्य या जहाजावर उतरवलं. उद्या एखादं भारतीय स्टेल्थ विमान याच हवेत राहणार असेल, तर त्याचा लेप खरवडून पुन्हा लावणारे, फटी मोजणारे, ओल्या हवेत भराव किती वेळात वाळतो हे जाणणारे शेकडो हात लागतील. माझ्या मते स्टेल्थबद्दलच्या चर्चेत या हातांचा उल्लेख सर्वांत कमी होतो, आणि सगळं अडतं ते त्यांच्यापाशीच.

आता कॉकपिटकडे वळताना एक चमत्कारिक गोष्ट समोर येते. काच रडारच्या लहरींना अडवत नाही. बाहेरून विमान कितीही घोटून गुळगुळीत केलं, तरी लहरी काचेतून आत शिरल्या की त्यांना खुर्ची, दांडे, पडदे आणि खुद्द वैमानिकाचं हेल्मेट अशा कोपऱ्यांची खाणच सापडते. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच माणूस विमानाला उघडं पाडतो. उपाय म्हणून काचेवर धातूचा इतका पातळ थर देतात की नजर आरपार जाते पण लहरी बाहेरच घसरतात. एफ-२२ची काच सोनेरी झाक मारते ती त्यामुळे. पुढची चौकट आडवी येऊ नये म्हणून ती काच एकसंध घडवलेली असते. बांधणी आणि कॉकपिट ही निराळी खाती नाहीत हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? वैमानिकाला चौफेर पाहायचं आहे, आणि विमानाला कुणी आत पाहायला नको आहे, या दोन गरजा एकाच काचेवर भेटतात.

वेळ खर्च करण्याचा मुद्दाही इथेच येतो. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बनवण्यासाठी. ते विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं. त्याच्या कॉकपिटमध्ये डझनावारी तबकड्या होत्या. वेग इथे, उंची तिथे, इंधन खाली, रडारचा लहानसा पडदा मधे. वैमानिक नजर फिरवून प्रत्येकीतला आकडा उचलायचा आणि बाहेर काय चाललं आहे याचं चित्र डोक्यात जुळवायचा. तेजसमध्ये या तबकड्यांची जागा तीन मोठ्या पडद्यांनी घेतली, महत्त्वाचे आकडे समोरच्या काचेवर उमटू लागले आणि बहुतेक बटणं हातातल्या दोन दांड्यांवर आली. एफ-३५ मध्ये पडदा एकच, सुमारे २० इंच रुंद. समोरची काच काढून टाकलेली, आणि तिथले आकडे थेट हेल्मेटच्या झापडीवर. विमानाच्या अंगावर बसवलेले सहा कॅमेरे जे पाहतात ते वैमानिकाला हेल्मेटमध्ये दिसतं, अगदी पायाखालची जमीनसुद्धा. ही चैन नाही. स्टेल्थ विमानाला आपलं रडार मोकळेपणानं वापरता येत नाही, कारण अंधारात टॉर्च लावणारा आधी स्वतः दिसतो. रेडिओवर गप्पा मारता येत नाहीत. त्याला बरंचसं काम कान टवकारून करावं लागतं. शत्रूच्या रडारची चाहूल, इंजिनांची ऊब, सोबत्याकडून अरुंद झोतातून आलेली खबर, असे तुकडे जमवून त्यांचं एकच चित्र करावं लागतं. ते माणसाच्या डोक्यात जुळवत बसलं तर मिळालेली मिनिटं त्यातच संपतील. म्हणून जुळवणी संगणकाकडे दिली आणि निर्णय माणसाकडे ठेवला. एकट्या वैमानिकानं हे विमान चालवावं हा हट्ट त्या जुळवणीवर उभा आहे.

यावर एक आक्षेप असा की माणसाच्या मर्यादा विसरून हे सगळं रचलं आहे. तो निराधार नाही. एफ-३५चं हेल्मेट इतकं जड होतं की २०१५ मध्ये सुमारे ६२ किलोंपेक्षा कमी वजनाच्या वैमानिकांना त्या विमानातून उड्डाणाची मनाई करावी लागली, कारण खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना मानेला इजा होण्याचा धोका होता. पुढे हेल्मेट हलकं केलं. एफ-२२चे वैमानिक उडताना गुदमरू लागले म्हणून २०११ मध्ये ती सगळी विमानं चार-एक महिने जमिनीवर ठेवावी लागली, आणि छातीवरच्या जाकिटातल्या झडपेपर्यंत शोध पोहोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. एफ-३५च्या स्पर्शाच्या पडद्याबद्दलही तक्रार रास्त आहे. बटण बोटाला न पाहता सापडतं, पडद्यावरची जागा पाहूनच शोधावी लागते; आणि विमान हादरत असताना, शरीराचं वजन कित्येक पटींनी वाढलेलं असताना, बोट चुकतं. या उदाहरणांतून कॉकपिट बिनमहत्त्वाचं ठरत नाही, उलटच ठरतं. कोट्यवधी खर्चून जी मिनिटं मिळवली ती एका झडपेमुळे किंवा चुकलेल्या बोटामुळे वाया जाऊ शकतात. भारतीय आराखड्यात हेल्मेटचं वजन, दांड्यावरची बटणं आणि श्वासाची व्यवस्था यांना पंखाच्या आकाराइतकंच मानाचं स्थान हवं, असं मी म्हणतो ते याच पुराव्यावरून.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो, तो असा की जुन्या, लांब तरंगलांबीच्या रडारला ही विमानं दिसतातच, मग एवढा खर्च कशाला. पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. नेम धरणाऱ्या रडारच्या लहरी सुमारे तीन सेंटिमीटरच्या असतात, विमानाचा आकार त्यांना चकवण्यासाठी घडवलेला असतो. मीटर-दोन मीटरच्या लहरींना शेपूट किंवा पंखाचं टोक त्यांच्याच मापाचं सापडतं आणि प्रतिसाद वाढतो. पण इतक्या लांब लहरींनी विमान ‘त्या बाजूला कुठेतरी’ आहे एवढंच कळतं, क्षेपणास्त्राला नेमकी जागा सांगायला पुन्हा आखूड लहरीच लागतात. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात झोल्तान दानी यांच्या तुकडीनं एफ-११७ पाडलं ते याच मर्यादेत राहून. विमानं रोज त्याच वाटांनी येत होती, तुकडीनं संयम ठेवला, रडार क्षणभर लावून बंद करायची शिस्त पाळली आणि नेम धरता आला तेव्हा विमान १३ किलोमीटरच्या आसपास होतं. म्हणजे ते उशिराच दिसलं होतं. एफ-११७च्या नाकात स्वतःचं रडार नव्हतं, मार्ग आधीच आखून दिलेला असे, आणि वाटेत चित्र बदललं तर ते वैमानिकाला दाखवील अशी जुळवणी त्या कॉकपिटात नव्हती. बांधणीनं वेळ मिळवला होता, कॉकपिटला तो वापरता आला नाही. या घटनेचा दाखला स्टेल्थच्या विरोधात दिला जातो, पण माझ्या मते ती अर्ध्या स्टेल्थच्या विरोधातली साक्ष आहे. तिरुअनंतपुरमला आलेलं एफ-३५ आपल्या हवाई दलाच्या यंत्रणेनं हेरलं, याचाही त्या दिवसांत गाजावाजा झाला. आपल्या यंत्रणेचं काम चोखच होतं. पण मदत मागत उतरणारं विमान लपत नसतं, आणि शांततेच्या काळात अशा विमानांना मुद्दाम परावर्तक लावलेले असतात, होडीच्या डोलकाठीवरच्या पत्र्यासारखे. त्या प्रसंगातून युद्धातल्या लपाछपीविषयी काही निष्कर्ष काढणं बरोबर नाही.

तिसरा आक्षेप ड्रोनवाल्यांचा. माणूसच काढून टाका, म्हणजे काच नको, हेल्मेट नको, श्वास नको. भारतातही हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं कॅट्स वॉरियर हे वैमानिकाविना उडणारं सोबती विमान घडतं आहे. ती दिशा योग्यच आहे. मात्र दूर बसून चालवायच्या विमानाला सतत बोलत राहावं लागतं, आणि बोलणारं विमान सापडतं. शत्रूनं मधला संवाद बुजवला तर ते मुकं होतं. म्हणजे निर्णय विमानाच्या आतच व्हायला हवा, माणसाच्या नाहीतर यंत्राच्या बुद्धीनं. जीव घेण्याचा निर्णय यंत्रावर सोपवायला आपण तयार नाही तोवर माणूस जवळपास असणारच, आणि त्याच्या हाताखाली दोन-चार ड्रोन आले तर त्याच्या पडद्यावरचा भार वाढेल. कॉकपिटचा प्रश्न त्यातून सुटत नाही, जास्त अवघड होतो.

भारताच्या एएमसीए या २५ टनी, दोन इंजिनांच्या स्टेल्थ विमानाच्या विकासाला मार्च २०२४ मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. पाच नमुने त्यातून उभे राहायचे आहेत. मे २०२५ मध्ये खासगी उद्योगांनाही त्यात स्पर्धेनं उतरायची वाट खुली झाली. तुलनेसाठी, सप्टेंबर २०२५ मध्ये तेजसच्या ९७ विमानांचा करार ६२,३७० कोटींचा झाला, म्हणजे विकासाचा खर्च हा प्रवासाचा जेमतेम पहिला टप्पा आहे. अमेरिकेलाही एफ-२२ची १८७ विमानं झाल्यावर हात आखडता घ्यावा लागला. आपली चर्चा मात्र इंजिन कुणाचं आणि विमान कधी उडणार या दोन प्रश्नांभोवतीच फिरते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तेजस मार्क-१ए पहिल्यांदा उडालं, म्हणजे उडत्या संगणकाची जुळणी करणारे हात महाराष्ट्रात तयार होऊ लागले आहेत. माझगावात तिरक्या भिंतींची जहाजं बांधणाऱ्यांना खाऱ्या हवेत पृष्ठभाग कसा जपायचा हे ठाऊक आहे. ही दोन कौशल्यं एका छपराखाली कशी आणायची, लेप लावणाऱ्यांचं प्रशिक्षण कुठे होणार, कॉकपिटची रचना पुरी होण्याआधी वेगवेगळ्या शरीरयष्टीच्या किती वैमानिकांना त्यात बसवून पाहणार, हे प्रश्न आत्ताच विचारायला हवेत, कारण नमुना उभा राहिल्यावर फट हलवता येते पण खुर्ची हलवता येत नाही. एएमसीएचं पहिलं उड्डाण होईल तेव्हा सगळे कॅमेरे त्याच्या कललेल्या शेपटांवर रोखलेले असतील. त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, एखाद्या ओलसर जुलैच्या सकाळी, कुणीतरी फटीचं माप घेणारी पट्टी हातात धरून त्याच विमानाच्या पोटाखाली वाकेल. त्याला काय सापडतं, ते मला जास्त जाणून घ्यायचं आहे.